पडद्यावरचे सात सेकंद

माझं काम सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे तू नुसतं बटण दाबतेस." हो बाबांनो, बटणच दाबते. अकरा वर्षं दाबतेय. खटला चालू असताना वकिलाने "पुरावा क्रमांक चौदा" म्हणायचा अवकाश, चौदा नंबरचा फोटो ज्युरीसमोरच्या मोठ्या पडद्यावर दिसलाच पाहिजे. जरा उशीर झाला तर वकील मागे वळून असे डोळे वटारतात, जसं काही मी त्यांच्या ताटात थुंकलेय. त्याआधी मी लग्नांचे व्हिडिओ काढायचे. तिथे नवरीची आई डोळे वटारायची, एवढाच काय तो फरक.

मी रोझान पेट्राक. वय एकसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावात पूर्वी पोलादाचा कारखाना होता. आता एक इस्पितळ, तीन चर्च आणि हे कोर्ट, एवढंच उरलंय. माझी टेबल-खुर्ची सरकारी वकिलांच्या बाजूला असते, दोन लॅपटॉप आणि वायरींचं जंजाळ घेऊन. माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि ते तसंच बरं. ज्या दिवशी बटण दाबणारीकडे सगळं कोर्ट बघायला लागतं, त्या दिवशी काहीतरी बिघडलेलं असतं. त्या दिवसाचीच ही गोष्ट आहे.

खटला होता वेंडेल होक नावाच्या पोराचा. चोवीस वर्षांचा, घरांची छपरं घालणारा. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी पेट्रोल पंपावरच्या दुकानाबाहेर त्याचं आणि नोलन यानिकचं भांडण झालं. कारण काय, तर नोलनच्या गाडीचं दार होकच्या ट्रकला घासलं. असल्या कारणावरून माणसं मरतात हो. दोघांच्या पोटात दोन-दोन बिअर होत्या. नोलनने ठोसा मारला, होक खाली पडला. उठला तेव्हा कामावरच्या पट्ट्यातला हातोडा त्याच्या हातात होता. नोलन तोवर पाठ फिरवून बर्फात पडलेली आपली टोपी उचलायला वाकला होता. होकने एकच घाव घातला. नोलन बावीस वर्षांचा होता.

हातोडा होकचा, घाव होकचा, यात वादच नव्हता. वाद एकाच गोष्टीचा होता. त्याने ठरवून मारलं की रागाच्या भरात? ठरवून असेल तर जन्मठेप, आणि आमच्याकडे जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, तुरुंगातून बाहेर निघते ती शवपेटीच. रागाच्या भरात असेल तर जास्तीत जास्त वीस वर्षं. आणि याचा सगळा निकाल दुकानाच्या कॅमेऱ्यावर होता. त्या व्हिडिओत होक उठल्यापासून घाव पडेपर्यंत सात सेकंद जात होते. सात सेकंद तो हातोडा धरून, वाकलेल्या पोराच्या मागे उभा.

सरकारी वकील होती लोरेन स्टॉफर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार, आणि जिभेला तलवारीची धार. पहिल्याच दिवशी तिने मला तो व्हिडिओ लावायला लावला, मग पडदा काळा करायला सांगितला आणि ज्युरीला म्हणाली, "आता माझ्याबरोबर मोजा." आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एक, दोन, तीन करत सातपर्यंत मोजलं. काय सांगू, सात सेकंद किती लांब असतात! चारवर तर ज्युरीतल्या एका म्हाताऱ्या बसड्रायव्हरने मान खाली घातली. "एवढ्या वेळात," लोरेन म्हणाली, "माणूस हातोडा खाली ठेवू शकतो. घरी जाऊ शकतो. याने विचार केला, आणि मग मारलं." माझ्या अंगावर काटा आला होता. मनात म्हटलं, संपला हा पोरगा.

व्हिडिओत दोघंही जरा जड हलत होते, पाण्यात चालल्यासारखे. बचावाच्या वकिलानेही त्याबद्दल काही विचारलं नाही. बिअर प्यायलेले, अंगावर जाड कोट, पायाखाली बर्फ, आणि दुकानाचा स्वस्तातला कॅमेरा; कुणाला वेगळं काही वाटलंच नाही. मलाही नाही.

माझ्या बरोबर मागच्या बाकावर नोलनची आई बसायची, मार्जरी यानिक. सगळे तिला मार्ज म्हणतात. शाळेच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं काढलेली बाई, त्यामुळे समोरच्याचं वय काहीही असो, ती त्याला सातवीतलंच समजते. दुसऱ्या दिवशी मागून माझ्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाली, "सरळ बस गं, पाठीचं पार धनुष्य झालंय तुझ्या." तिसऱ्या दिवशी अक्रोड भरलेल्या गोड रोलचे दोन तुकडे कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवले. "खा. लॅपटॉपवर सांडू नकोस." व्हिडिओ लागला की मात्र ती मान वळवून खिडकीकडे बघायची. एकदाही तिने तो बघितला नाही. फक्त लोरेनचं मोजणं ऐकलं.

सहावा दिवस शेवटचा होता. साक्षीपुरावे संपले होते, दुपारी दोन वाजता शेवटची भाषणं. सकाळी लोरेन माझ्याकडे आली.

"रोझान, आतापर्यंत आपण त्या दोघांनाच मोठं करून दाखवलंय. शेवटी मला अख्खं चित्र हवंय. दुकान, रस्ता, सगळं. मोकळा रस्ता दिसला पाहिजे, म्हणजे मला म्हणता येईल की याला निघून जाता येत होतं."

"देते की. कापलेला भाग परत घालायचा, एवढंच ना."

साडेअकराला सुट्टी झाली तेव्हा मी अख्खं चित्र लावून एकदा चालवून बघितलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात रस्ता होता, आणि त्याच्या पलीकडे पायी चालणाऱ्यांसाठीचा सिग्नल. त्यावरचे नारिंगी आकडे दिसत होते, किती सेकंद उरले ते सांगणारे. ठीक आहे म्हटलं, लॅपटॉप मिटला आणि सँडविच आणायला निघाले.

कोर्टासमोर तसलाच सिग्नल आहे. चालत्या माणसाचं चित्र लागलं, मी गुडघा सांभाळत निघाले. पलीकडे आकडे पळत होते. बारा, अकरा, दहा. मी नेहमीसारख्या मनात शिव्या घातल्या, अरे म्हातारी माणसं चालतात इथे, जरा दमाने घ्या. नऊ, आठ, सात. आणि मी रस्त्याच्या मधोमध थबकले.

व्हिडिओतला नऊ हलतच नव्हता.

मी आत्ताच बघितलं होतं. होक उठतो तेव्हा कोपऱ्यात नऊ. तो उभा आहे, उभा आहे, आणि नऊ तसाच. मग कधीतरी आठ. घाव पडतो तेव्हा सात. नऊपासून सातपर्यंत यायला सात सेकंद? एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवून माझ्या कुळाचा उद्धार केला तेव्हा मी भानावर आले. सँडविच गेलं खड्ड्यात. आले तशी परत फिरले.

मूळ डिस्क माझ्याकडेच होती. दुकानाच्या मशीनचा स्वतःचा एक जुनाट प्रोग्राम होता, कोर्टातल्या पडद्यावर तो चालत नाही, म्हणून मी तो व्हिडिओ आमच्या नेहमीच्या पद्धतीने बदलून घेतला होता. आता मी जुन्या लॅपटॉपवर त्याच प्रोग्राममध्ये मूळ व्हिडिओ लावला आणि हातातलं घड्याळ धरलं. होक उठला. घाव पडला. अडीच सेकंद. पुन्हा लावला. अडीच. चार वेळा लावला मी, देवाशपथ, आणि चारही वेळा अडीच.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तोंडचं पाणीच पळालं. असले कॅमेरे जागा वाचवतात. समोर काही हलत नसेल तर सेकंदाला चार-पाच चित्रं घेतात. माणूस धावला, भांडला, की भराभर वीस-पंचवीस. मी बदलून घेतला तेव्हा माझ्या मशीनने सगळी चित्रं सारख्या अंतराने मांडली. म्हणजे काय झालं, की रिकाम्या रस्त्याचा वेळ आक्रसला आणि भांडणाचा वेळ ताणला गेला. एकूण लांबी मात्र जवळपास तेवढीच, चार मिनिटं. पोलिसांच्या कागदावरही चारच मिनिटं. मी लांबी ताडून बघितली होती, जुळली होती, आणि बरोबरची खूण करून मोकळी झाले होते. बचावाच्या वकिलालाही मीच तयार केलेली प्रत गेली होती. अकरा वर्षांचा अनुभव म्हणे! कपाळावर हात मारून घेतला मी.

लोरेन मागच्या खोलीत उभ्या उभ्या दही खात भाषणाचे कागद चाळत होती. मी दार लावून घेतलं.

"लोरेन, ते सात सेकंद नाहीयेत."

"काय नाहीयेत?"

"अडीच आहेत. माझी चूक झाली. चल, दाखवते."

तिने दोन्ही लॅपटॉपवर बघितलं. कोपऱ्यातले आकडे बघितले. चमचा तसाच हातात.

"आत्ता?" ती म्हणाली. "दोनला माझं भाषण आहे, आणि तुला हे आत्ता दिसतंय?"

"आत्ता दिसलं."

"सहा दिवस झोपली होतीस का गं? मी त्या बारा लोकांसमोर घड्याळ धरून मोजलंय! माझं अख्खं भाषण त्यावर उभं आहे!"

"ओरड. ओरडायचा हक्क आहे तुझा."

"तू नाही मला हक्क शिकवायचास." तिने दही टेबलावर आपटलं, कागदांवर शिंतोडे उडाले. मग ती खुर्चीत बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्याने मारलंच आहे, रोझान. मागून. वाकलेल्या पोराला. सात असो की अडीच."

"हो. पण जन्मठेप तू सातावर मागतेयस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला एक क्षण खरंच वाटलं की आता ही म्हणेल, तू मला काही बोललीच नाहीस. खोटं कशाला बोलू, मलाही तो विचार शिवून गेला होता. कुणाला कळलं असतं? लॅपटॉप मिटायचा, कापलेलंच चित्र लावायचं, पाच वाजता घरी. पण मग तो पोरगा म्हातारा होऊन आत मेला असता, माझ्या मशीनने बनवलेल्या साडेचार सेकंदांपायी. मला रात्रीचा घास गिळवला असता का?

लोरेनने तोंडावरून हात फिरवला. "जजसाहेबांकडे जाऊ. तुला शपथेवर सांगावं लागेल, सगळ्यांसमोर. तुझं काम जाईल कदाचित."

"जाऊ दे. गुडघा तसाही कामातून गेलाय."

ती हसली नाही. दाराशी थांबून म्हणाली, "आणि मार्जला तू सांगायचंस. माझ्याच्याने नाही होणार."

मार्ज बाहेरच्या लांब बाकावर डबा उघडून बसली होती. मी शेजारी बसले. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. ती ऐकताना चावायची थांबली.

"म्हणजे तो सुटणार?"

"सुटणार नाही. पण जन्मठेप बहुतेक नाही होणार."

"तुझ्या मशीनमुळे."

"माझ्यामुळे. मशीनला कशाला दोष देऊ."

"मला वाटलं होतं तू आमच्या बाजूची आहेस," ती म्हणाली. "मी तुला रोल दिला."

"मार्ज..."

"ऊठ. ऊठ इथून." तिने डब्याचं झाकण लावलं, दोनदा लावावं लागलं. मी उठले. शाळेतल्या पोरीसारखी उठले आणि निघाले.

जजसाहेब हॅनिगन म्हातारे, पडदे आणि मशीन त्यांना मुळात आवडत नाहीत. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणून मी म्हणत असतो, कागदच बरा." मग बचावाच्या वकिलाला, मॅटिसला, विचारलं, की खटला रद्द करून पुन्हा पहिल्यापासून चालवायचा, की याच ज्युरीसमोर दुरुस्ती करायची? मॅटिस होकशी कुजबुजला. होकने मान हलवली. "याच लोकांना दाखवा, जजसाहेब," मॅटिस म्हणाला.

आणि मग मी साक्षीदाराच्या खुर्चीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोर्ट त्या बाजूने बघितलं. किती मोठं दिसतं! हात वर करून शपथ घेतली. पडद्यावर चित्र मीच लावलं, अख्खं, कोपऱ्यातल्या आकड्यांसकट, मूळ वेगाने.

होक उठला. घाव पडला.

कुणीतरी श्वास आत ओढला, तो ऐकू आला. एवढं पटकन झालं ते. पाण्यात चालणारी ती माणसं आता साधी दोन पोरं होती, धडपडणारी, चिडलेली. हातोडा विचार करून उचलल्यासारखा दिसतच नव्हता. बसड्रायव्हर पुढे वाकून बघत होता. मी मार्जकडे बघितलं नाही, धीरच झाला नाही.

मॅटिसने विचारलं, "ही चूक कोणाची?"

"माझी."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं असं करायला?"

"नाही. मी लांबी तपासली, वेग नाही तपासला. लांबी जुळली म्हणून मी पुढे गेले."

"सरकारी वकिलांना हे आधी माहीत होतं?"

"आज दुपारी मी सांगितलं तेव्हा कळलं. आणि त्यांनी लगेच जजसाहेबांना सांगितलं."

लोरेनने मला एकच प्रश्न विचारला. "ज्या सात सेकंदांबद्दल मी या ज्युरीला सांगितलं, ते घडलेच नव्हते. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले. तिने स्वतःच्या तोंडाने ते म्हटलं, यासाठी मी तिला जन्मभर मानेन.

ज्युरी दीड दिवस आत बसली. निकाल आला, रागाच्या भरात केलेला खून, ठरवून नव्हे. होकच्या बहिणीने तोंडावर रुमाल धरला. होक स्वतः टेबलाकडे बघत राहिला, आनंद वगैरे काही नाही त्याच्या चेहऱ्यावर. शिक्षा जजसाहेब पुढच्या महिन्यात सुनावणार होते. लोक उठले, बाकं करकरली, खोली रिकामी झाली. मी वायरी गुंडाळत होते.

मागून आवाज आला. "पाठ."

मी वळले. मार्ज बाकावर तशीच बसून होती, कोट घातलेला, पर्स मांडीवर.

"सरळ कर पाठ," ती म्हणाली. "वीस वर्षं दिली तरी तो चव्वेचाळीसचा होऊन बाहेर येईल. लग्न करेल. माझा नोलन बावीसचाच राहणार."

"हो," मी म्हणाले.

"मला ते बघायचंय. खरंवालं."

"मार्ज, नको."

"मी कधीच बघितलं नाही. फक्त त्या बाईचं मोजणं ऐकलं. लाव."

मी गुंडाळलेली वायर पुन्हा जोडली. दाराशी कोर्टाचा पोलीस उभा होता, त्याने बघितलं आणि पाठ फिरवली. मी लॅपटॉप तिच्यासमोर बाकावर ठेवला, मोठ्या पडद्यावर नाही. व्हिडिओ लावला. तिने मान वळवली नाही. नोलन वाकला. होक उठला. आणि झालं.

मी लगेच थांबवलं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"टोपीला हातसुद्धा लागला नाही त्याचा," ती म्हणाली.

"नाही."

"त्याला कळलं नाही."

"नाही, मार्ज. कळायला वेळच नव्हता."

तिने पर्सचा पट्टा मुठीत धरला. "मी रोज मोजते," ती म्हणाली. "त्या पहिल्या दिवसापासून. बेसिनपाशी भांडी घासताना, अंथरुणात, गाडीत. सातपर्यंत. आणि चारवर, नाही तर पाचवर, मी त्याला हाक मारते. नोलन, मागे बघ. सातपर्यंत किती वेळ असतो गं. रोज वाटतं, आज बघेल."

ते साडेचार सेकंद जगात कुठेही नव्हते. मी बनवले होते, या लॅपटॉपवर, कॉफी पीत. आणि ही बाई त्यात राहत होती, रोज, हाका मारत.

"माफ कर मला," मी म्हणाले, आणि रडू आलं, आवरलं नाही. "माफ कर, मार्ज."

तिने माझ्याकडे बघितलं. राग होता की नाही ते मला कळलं नाही.

"मग आता किती मोजू?" तिने विचारलं.

मी दोन बोटं वर केली.

"एक," मार्ज म्हणाली. "दोन." आणि थांबली. तिसरा आकडा येतोय का, याची वाट बघत असल्यासारखी ती जरा वेळ तशीच बसली. मग उठली, कोटाची वरची गुंडी लावली आणि बाहेर गेली.